सगळे ऐकताहेत, बार्बा

निक्शा मला पंडितबाई म्हणायचा. झाग्रेबला साहित्य शिकून मी बेटावर परतले आणि फेरीबोटीनं समोरच्या किनाऱ्यावरच्या गावातल्या वाचनालयात कामाला जाऊ लागले, तेव्हापासून. "पुस्तकांना गोंद लावायला पदवी लागते होय?" हा त्याचा पहिला प्रश्न होता. मी त्याला सगळ्यांसारखंच बार्बा म्हणते. आमच्याकडे वयानं मोठ्या पुरुषाला तसंच म्हणतात. त्याला नातं लागत नाही.

बार्बा आयुष्यभर बंदराच्या रेडिओवर होता. वारा कुठला, लाट केवढी, कुणी आज होडी काढू नये, हे त्याच्या आवाजात बेटाला कळायचं. निवृत्त झाल्यावर तो हौशी रेडिओवाल्यांत रमला. खरं तर ते त्यानंच तयार केले होते. फ्राने, व्हिन्को, याकोव, सगळे. फ्रानेला त्यानं टेबलावर चमचा वाजवून मोर्स शिकवला.

सकाळी दहाची फेरी सुटली की त्यांची हजेरी. प्रत्येकानं आपली कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं रेडिओतलं नाव, सांगायची, वारा सांगायचा, काय मासा लागला ते सांगायचं. जमल्यास थोडं खोटं बोलायचं.

मग बार्बाला अर्धांगाचा हलका झटका आला. हात सुधारला. जीभ पूर्ण सुधारली नाही. एखादा शब्द अडला की तो त्याच्याभोवती फेऱ्या मारायचा आणि सापडला की आनंदानं दोनदा म्हणायचा.

त्याच सुमारास सगळ्यांचे आवाज झेलून पुढे पोचवणारा डोंगरावरचा जुना रिपीटर जाऊन डिजिटल आला. फ्रानेनं बार्बासाठी हातात मावणारा नवा रेडिओ आणला. अशा रेडिओची मांडणी आधी संगणकावर करावी लागते. चॅनेल कोणतं, गट कोणता, रिपीटरच्या दोन खोल्यांपैकी खोली कोणती, हे एका फाइलमध्ये भरायचं आणि तारेनं रेडिओत उतरवायचं. खोली म्हणजे नुसती सोय. एकाच डोंगरावरून एकाच वेळी दोन संभाषणं चालतात आणि एकातलं दुसऱ्यात ऐकू येत नाही. बार्बाची फाइल फ्रानेनं भरली.

"तू फक्त बटण दाब, बार्बा. टूक वाजलं की समज, डोंगरानं तुला घेतलं."

"आणि खरखर?"

"याला खरखर नसते."

"मग माणूस आहे की नाही, कसं कळायचं?"

"टूक वाजतं ना."

जुन्या रेडिओवर कुणी बटण दाबून न बोलताच सोडलं, तर खरखर क्षणभर तुटायची. बार्बा लगेच सांगायचा, व्हिन्को आलाय, लाजतोय. नव्या रेडिओत नुसती शांतता होती. म्हणून त्यानं टूकवर विश्वास ठेवला. ज्याचं आयुष्य रेडिओवर गेलं, तोच असा विश्वास ठेवतो.

तेव्हापासून हजेरीला त्याच्याशी एकच जण बोलू लागला. आज फ्राने, उद्या याकोव. त्यानं विचारलं तेव्हा फ्राने म्हणाला, "सगळे ऐकताहेत, बार्बा. तू बोलत असताना मध्ये कोण तोंड घालणार?" बार्बाला ते पटलं. मला त्यानं अभिमानानं सांगितलं, "अजून मान आहे, पंडितबाई. मी बोलायला लागलो की अख्खं बेट गप्प बसतं."

त्यानंच मला परवान्याच्या परीक्षेला बसवलं. मी पास झाले, तेव्हा तोच जास्त मिरवला. माझ्या नव्या रेडिओची फाइलही फ्रानेनं भरली आणि वर ताकीद दिली, "बार्बाकडे जाशील तेव्हा हा बंद ठेव. शेजारी शेजारी दोन रेडिओ असले की शिट्टी मारतात." ते खरंच आहे. मी बंद ठेवत असे. हजेरीच्या वेळी तर मी कामावर असायचे आणि रेडिओ घरी.

त्या दिवशी दक्षिणेचा वारा सुटला, आमचा युगो. फेरी रद्द झाली. मी बार्बाकडे गेले. त्यानं खारवलेल्या सार्डिनी आणि कांदा काढला, पाणी घातलेली वाइन दोन पेल्यांत ओतली. फेरी नसली तरी हजेरी दहालाच. तो रेडिओ समोर ठेवून बसला.

माझा रेडिओ खुर्चीवर टाकलेल्या कोटाच्या खिशात होता. बंद करायचा राहिला होता. त्यातून याकोवचा आवाज आला.

"आज म्हाताऱ्याची पाळी कोणाची?"

"माझी नाही. काल झाली माझी," व्हिन्को म्हणाला. "लाटेची उंची आठवेपर्यंत माझं कालवण करपलं."

"मी जातो," फ्रानेचा आवाज. "तुमचं चालू द्या इथे."

मी कोटाकडे धावले. बार्बानं हात वर केला. राहू दे.

मग टेबलावरचा त्याचा रेडिओ बोलला. तोच फ्राने. पण आवाज मोठा, सावकाश, तान्ह्याशी बोलावा तसा. "काय बार्बा, जेवलास का काही? सगळे जमलेत. सांग, वारा कसा आहे?"

मी खिशातून रेडिओ काढून पाहिला. पडद्यावर चॅनेलचं नाव होतं, बेट. बार्बाच्या पडद्यावरही तेच. फ्रानेनं दोन्ही खोल्यांना एकच नाव दिलं होतं.

बार्बानं बटण दाबलं. टूक वाजलं. त्यानं वारा सांगितला. हातभर अंतरावर माझ्या हातातल्या रेडिओत त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. तिथे व्हिन्को काल लागलेल्या ऑक्टोपसबद्दल सांगत होता.

"लाट," बार्बा म्हणाला आणि अडला. या वेळी त्यानं शब्द शोधला नाही. "फ्राने, कोण कोण आहे?"

"सगळे, बार्बा. व्हिन्को आहे, याकोव आहे."

"व्हिन्को काय म्हणतो?"

"काही नाही. ऐकतोय तुझं."

माझ्या हातातला व्हिन्को ऑक्टोपस किती वेळ उकडायचा यावरून याकोवशी भांडत होता. बार्बानं दोन्हीकडचं ऐकून घेतलं. मग पुन्हा बटण दाबलं.

"बरं. आणि उद्या पाळी कोणाची?"

टूक वाजलं. त्यानंतर काहीच नाही. खरखर असती, तर काहीतरी कळलं असतं.

मी माझा रेडिओ बंद केला. बार्बा सार्डिनीचे काटे काढत बसला.

"मला वाटायचं, हल्ली कुणाला ऑक्टोपस लागतच नाही," तो म्हणाला. "समुद्र संपला, असं वाटायचं."

"घरी तार आहे माझ्याकडे. फाइलमध्ये गट आणि खोली तेवढी बदलायची. तुला खऱ्या हजेरीत आणते."

"नको."

"हजेरी तुझी आहे, बार्बा. तू सुरू केलीस."

"न बोलावलेल्या जेवणाला खुर्ची ओढून बसू होय, पोरी?"

तो मला पहिल्यांदाच पोरी म्हणाला.

दुपारी फ्राने आला, भिजलेला, हातात पालेभाजीची जुडी. बार्बाच्या दारावर कुणी टकटक करत नाही. त्यानं केली.

"ऐकून घे," तो दारातूनच बोलू लागला. "वाईट मनानं नाही केलं. तुझं बोलणं संपेना आणि लोक यायचे थांबले. हजेरी बुडाली असती. डॉक्टर म्हणाला होता, तू बोलत राहायला हवंस. म्हणून तुला वेगळी खोली दिली. एक दिवस तरी रिकामी ठेवली का आम्ही? पोराच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा मी आलो, बार्बा. टाय बांधता बांधता."

ते खरं होतं. मला त्याचाच जास्त राग आला.

बार्बानं त्याला आयुष्यात कधी मानानं बोलावलं नव्हतं. गाढवा, माकडा, क्वचित फ्राने. आता तो उभा राहिला.

"शोर फ्राने," तो म्हणाला. डॉक्टरला आणि नोटरीला लावतात, तो शोर. शब्द कुठेही अडला नाही. "या. आत या. भिजलात."

फ्रानेच्या हातातली जुडी खाली आली. "बार्बा, शिव्या दे ना."

"आपण माझ्यासाठी वेळ काढत होतात. आभारी आहे."

"बार्बा."

टेबलावर आमचे दोन पेले होते. वाइनही उरली होती. फ्रानेनं सवयीनं कपाटातल्या तिसऱ्या पेल्याकडे हात नेला. बार्बानं बाटलीला बूच लावलं आणि माझ्याकडे वळला.

"कॉफी ठेव, पोरी. चांगल्या कपात. पाहुणे आलेत."