ओवाळलेला तुकडा

आमच्या मजल्यावर नवीन काहीही आलं की नलूमावशी त्याला जिन्याच्या शेवटच्या पायरीवर अडवत. नवी सून असो, दवाखान्यातून घरी आलेलं बाळ असो, नाहीतर फ्रिज. "थांब, पाय घालू नको," असा हुकूम सुटायचा आणि मावशी भाकरीचा तुकडा नि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायच्या. फ्रिज उचलून आणणारे हमाल घामाघूम उभे आहेत आणि मावशी सावकाश फ्रिजवरून तुकडा ओवाळताहेत, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. ओवाळून झालं की तुकडा खाली चौकात, नळामागच्या कोपऱ्यात. "कुत्र्यान खाल्ल्यान की पीडा गेली समज," असं त्या सांगत.

परळच्या आमच्या चाळीत मावशींची खोली आमच्या भिंतीला लागून. नवरा गिरणीत होता, तो कधीच गेला. यांची स्वतःची हयात शिवडीच्या गोदामात मसाला निवडण्यात गेली. जीभही त्याच मसाल्याची. पण चाळीची कुत्री चिंगी जिन्याखाली व्याली तेव्हा याच बाईने तिला बाळंतिणीसारखी तूप घालून पेज नेऊन दिली. "चार पोरांची आवस ती, अंगात दूध नको?" चिंगी दुसऱ्या कुणाला पिल्लांजवळ फिरकू देत नसे. मावशी मात्र एकेकाला मांडीवर घेऊन बसत आणि चिंगी शेजारी डोळे मिटून पडे.

त्याच सुमारास आम्ही मुक्तासाठी, म्हणजे आमच्या लेकीसाठी, पिल्लू विकत आणलं. दादरच्या एका गल्लीतलं दुकान. दुकानदार गोडबोल्या. इंजेक्शनं झालीत, पोट साफ आहे, एकदम शांत जात आहे म्हणाला. टॅक्सीत पिल्लू हललंसुद्धा नाही. किती गुणाचं आहे, असं मी नवऱ्याला, सुहासला म्हणाले. आता ते वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो.

मावशींनी आम्हाला पायरीवर अडवलं. मुक्या जिवाला आधी घासभर द्यायचा आणि मग ओवाळायचं, ही त्यांची रीत. त्यांनी तुकडा पिल्लाच्या तोंडाशी धरला. त्याने हुंगला, चाटला आणि त्यावरच थोडं पिवळं पाणी ओकलं. मावशींचा हात थबकला.

"ह्या बरा नाय गो," त्या हळूच म्हणाल्या. "वाटेत कोणाची तरी नजर लागली हा."

म्हणून त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळा ओवाळलं, पुटपुटत, पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवत. तुकडा खाली गेला. आम्ही आत गेलो.

सकाळपर्यंत पिल्लाला रक्ताची हगवण लागली. एक विचित्र, गोडसर कुजकट वास खोलीत भरला आणि तो फिनेलनेही जाईना. मी दुकानदाराला फोन लावला. तो जराही दचकला नाही. "घेऊन या ताई, बदलून देतो," म्हणाला. सुहास लगेच पिशवी शोधायला लागला.

मावशी दारात उभ्या होत्या. "आणि ह्याचा काय करतलो तो?"

मी फोनवर तेच विचारलं. तो म्हणाला, "ते तुम्ही कशाला विचारता?" मी फोन ठेवला आणि आम्ही पिल्लाला डॉक्टरांकडे नेलं. मावशी टॅक्सीत आमच्या आधी जाऊन बसल्या.

डॉक्टरांनी तपासणी केली आणि सांगितलं, पार्वो आहे, कुत्र्यांचा साथीचा रोग. दुकानातूनच घेऊन आलंय, लागण जुनी आहे. सलाइन चालू करू, वाचेल की नाही ते सांगता येत नाही. घर ब्लीचने धुवा, अंथरूण फेकून द्या. "आणि दुसऱ्या कुत्र्याशी संबंध आला नाही ना? याची शी, ओकारी, उष्टं, काहीही चालतं या रोगाला. लहान पिल्लं तर टिकतच नाहीत."

"टुकडो," मावशी म्हणाल्या. मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं: पिल्लाने ओकलेला तुकडा चौकात टाकला होता, आणि तिथेच जिन्याखाली चिंगी आणि तिची पिल्लं होती.

चौकात परतलो तेव्हा नळामागचा कोपरा रिकामा होता. चिंगीची पिल्लं तिला लुचत होती, चांगली गुबगुबीत. मावशींनी डॉक्टरांना चाळीत बोलावून आणलं. ते म्हणाले, आता वाट बघा. त्या दिवसांत मावशी जिन्याखालून उठल्या नाहीत. जेवण मी खाली नेऊन द्यायची, तसंच परत आणायची. पिल्लू शिंकलं तरी त्या माझ्याकडे बघायच्या. एका दुपारी सगळ्यात थोराड पिल्लाने दूध सोडलं आणि तोच गोडसर वास जिन्याखालून आला.

सलाइन, औषधं, सगळं केलं. चारही गेली. चिंगी कितीतरी दिवस पिल्लांना शोधत नळामागे उकरत होती. आमचं पिल्लू मात्र वाचलं. मुक्ता त्याला नाचवायची आणि मी दार लोटून घ्यायची, मावशींना दिसू नये म्हणून. मला त्याचा आनंद करता आला नाही, हे खरं आहे.

"मावशी, तुमचा काय दोष? तुम्हाला कुठे माहीत होतं?" मी एकदा म्हटलं.

"चल माझ्यावांगडा," एवढंच त्या म्हणाल्या, आणि पायात चपला घातल्या. मीही त्यांच्यासोबत निघाले.

दादरच्या दुकानात दुकानदाराने मला ओळखलं. "तुमचा वाचला ना? मग आता काय पाहिजे?" पायरीवर एक बाप लेकीला कडेवर घेऊन पिल्लं बघत होता.

"भांडूक येवक नाय मी," मावशी म्हणाल्या. "आमच्या चाळीत चार पिल्लां मेली. टुकडो माझ्या हातचो, रोग तुझ्या घरचो. माझा पाप मी कबूल केलंय, त्यांच्या आवशीच्या फुड्यात बसान. आता तुझा तू बोल."

दुकानदार हसला, मग हसायचा थांबला. बापाने पिंजऱ्याकडे नेलेला हात मागे घेतला. मावशी पदर सावरून दुकानाच्या पायरीवर बसल्या.

"बोल," त्या म्हणाल्या. "माका घाई नाय."