मनगटाच्या आतल्या बाजूचं घड्याळ

डोळा लागायच्या आधी मला नेहमी तोच दिवस दिसतो. काहीच न घडलेला. आई गॅलरीत खुर्चीवर बसली आहे. दोन्ही हात मांडीवर, तळवे आभाळाकडे. थंडीतलं सकाळचं ऊन तिच्या मनगटांवर पडलं आहे. समोरच्या गॅलरीतून शिंगटेकाकू विचारतात, "सिस्टर, ध्यानाला बसलात का काय?"

"ध्यान कसलं," आई म्हणते, "घड्याळाला जेवू घालतेय."

काकू हसतात. मी आत भाजी चिरत ते ऐकते आणि हसत नाही, कारण हे संभाषण रोजचंच आहे. बस, इतकाच तो दिवस.

घड्याळ मी आणलेलं. काळं, चौकोनी, आकड्यांचं. त्याला सेल बदलावा लागत नाही. काचेखालची पट्टी उजेड घेते आणि त्यावर ते चालतं. आईला ते आवडलं, पण तिनं ते बांधलं तिच्या पद्धतीनं, मनगटाच्या आतल्या बाजूला. कराडच्या एका सूतिकागृहात ती आयुष्यभर परिचारिका होती. मूल जन्मतं तेव्हा दोन्ही हातांत मूल असतं. घड्याळ बाहेरच्या बाजूला असेल तर ते बघायला मुलासकट हात वळवावा लागतो. आत असलं की मूल आणि वेळ एकदम दिसतात. मग ती मोठ्यानं सांगायची, आधी वेळ, मग मुलगा की मुलगी, आणि दुसरी सिस्टर लिहून घ्यायची. कुणाचे नातेवाईक म्हणाले, "अंदाजे सांगा हो, पत्रिकेपुरतं," तर ती म्हणायची, "बाळ काय अंदाजे झालंय?"

नोकरी संपली तरी घड्याळ आतच राहिलं. त्यामुळे बिचाऱ्याला उजेड मिळेना. एकदा बंद पडायला आलं तेव्हा आईनं ते गच्चीवर कुरडयांच्या मधोमध वाळत घातलं, वर पातळ धोतर पांघरून. ऐन एप्रिलमध्ये. दुपारी बघतो तर काच काळीठिक्कर.

"करपलं गं," आई म्हणाली.

मी माहितीपुस्तिकेतली बारीक अक्षरं वाचून दाखवली. उजेड हवा, उष्णता नको.

"मग आधी सांगायचं की. कोवळं ऊन म्हण. पिवळ्या बाळांना देतो तसं."

घड्याळ सावलीत निवलं, पुन्हा आकडे दाखवू लागलं. आणि तेव्हापासून तिचं ते सकाळचं बसणं सुरू झालं, तळवे वर करून.

त्या काहीच न घडलेल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन गेले तेव्हा आई कुशीवर होती, हात उशीखाली. हे घड्याळ अंधारात झोपी जातं. आकडे पुसले जातात, वेळ मात्र आत चालूच असते. मी तिचा हात ओढून बाहेर काढला, त्यावर खिडकीतला उजेड पडला, आणि आकडे उमटले. घड्याळ जागं झालं. मी ते आकडे वाचले नाहीत. नंतर डॉक्टर आले आणि त्यांनी कागदावर वेळ लिहिली. वेळेच्या आधी लिहिलं, अंदाजे.

त्या एका शब्दानं मला तेव्हापासून झोप येत नाही. शेजारच्या खोलीत मी होते. त्या मिनिटाला काय करत होते? वाचत होते, की कूकरकडे गेले होते?

घड्याळ मी तिच्या साडीच्या घडीत, कपाटात ठेवलं आहे. फार महिने अंधारात राहिलं तर त्यातलं सगळं संपतं आणि आतली वेळही जाते, हे मला माहीत आहे. तरी बाहेर काढवत नाही. त्यात उरलेला उजेड आईच्या हातावर पडलेला आहे. नवा घातला की तिचा कुठला, नवा कुठला ते कळणार नाही.

आज जेवणं झाल्यावर फोन आला. उंब्रजहून कुणी बाई. "डुबल सिस्टर हायत का? माझ्या थोरलीच्या जन्माची वेळ विचारायची होती. स्थळ आलंय, आणि कागद काही सापडंना." आईला अशा वेळा पाठ असायच्या. सगळ्या नाही, बऱ्याच.

"झोपल्यात," मी म्हणाले. "चार वाजता करा."

माझ्या तोंडून हे इतकं सहज आलं की मी फोन ठेवून तशीच उभी राहिले. पण नवीन काही नव्हतं. सगळ्यांना फोन दादानं केले होते. पेन्शनच्या कचेरीत मी म्हणते, "आईचं ते... झालं ना." पुढचं वाक्य समोरच्याच्या चेहऱ्यावर पुरं होतं. मी ते कधीच पुरं केलेलं नाही.

मी कपाट उघडते. घड्याळ घेते. काच कोरी. बटण दाबत नाही. ते मुठीत मिटून आईच्या पलंगावर आडवी होते. पडद्याआडून दुपार आत येते आहे. गॅलरी, खुर्ची, तळवे.

"मूठ उघड," आई म्हणते.

ती पलंगाच्या कडेला बसली आहे. वॉर्डातली पांढरी साडी, पायांत रबरी तळाचे बूट. केस मात्र शेवटचे, विरळ.

"नको," मी म्हणते.

"गुदमरलंय ते."

"झोपलंय. उठवू नकोस."

"हो का? सगळ्यांना हेच सांगतेस वाटतं."

तिला फोनचं कसं कळलं हे विचारावंसं वाटत नाही. पलंगाची कड लोखंडी झाली आहे, पांढरा रंग खपल्या धरून उडालेला. आम्ही वॉर्डात आहोत. लांबच लांब खिडक्या, प्रत्येक खिडकीत पाळणा, प्रत्येक पाळण्यात कोवळं ऊन. पिवळसर बाळं उघडी निजली आहेत, डोळ्यांवर कापसाच्या पट्ट्या. आई एकेकाला हलकेच कुशीवर वळवत पुढे जाते आणि मी तिच्या मागे. तिच्या बुटांचा आवाज होत नाही, माझ्या अनवाणी पायांचा होतो.

"हळू चाल की," ती म्हणते. "उठतील सगळी."

"तुला किती बाळांच्या वेळा पाठ आहेत?"

"पाठ कशाला करायच्या? हातात धरलेलं पोर विसरतं का कोण?"

शेवटच्या पाळण्यात मी वाकून बघते, तर आत घड्याळ. आईचं नाही, दुसरंच. शेजारी आणखी एक. पाळणा लांब होत गेलेला आहे, त्याची जुनी साडी झाली आहे, आणि आम्ही गच्चीवर उभ्या आहोत. साडीवर कुरडया वाळत घातल्या आहेत आणि कुरडयांच्या मधे मधे घड्याळं, काच वर करून. प्रत्येकात वेगळी वेळ. कठड्यावर कावळा बसला आहे.

"हाकल की त्याला," आई म्हणते. "बघत काय बसलीस?"

मी हात हलवते. कावळा जागचा हलत नाही.

"कुणाची आहेत ही?"

"ज्याची त्याची. हे बघ, उंब्रजच्या पोरीचं. पायाळू होती. आता स्थळ आलंय म्हणे."

मी साडीच्या कडेकडेनं चालते. उकिडवी बसून बघते. कुरडयांना धक्का न लावता एकेक घड्याळ बाजूला करते.

"माझं कुठलं?"

आई कुरडई उलटते. ती अजून ओली आहे, आई ती परत तशीच ठेवते.

"तुझं नाही," ती म्हणते.

"म्हणजे?"

"पुष्पा सिस्टरनं तुला माझ्या हातात दिलं आणि विचारलं, सिस्टर, वेळ काय लिहू? घड्याळ हातातच होतं माझ्या, आतल्या बाजूला. तुझ्या डोक्याखाली. बघितलंच नाही. तुझ्याकडेच बघत बसले."

"मग माझ्या पत्रिकेत काय आहे?"

"अंदाजे," आई म्हणते.

हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकते. ती तोंडावर पदर धरून हसते आहे, शाळेतल्या मुलीसारखी.

"सगळ्या तालुक्याला मिनिटाचा हिशेब विचारायचीस," मी म्हणते, "आणि घरात हे?"

"चांगली निघाली की पत्रिका."

"लग्न कुठं टिकलं?"

"त्याला पत्रिका काय करणार? माणूसच तसला होता."

मलाही हसू येतं. हसता हसता पाय ओले झाल्याचं कळतं. कठडा नाही, कावळा नाही. कराडच्या संगमावर, घाटाच्या शेवटच्या पायरीवर मी उभी आहे. समोरासमोरून दोन्ही नद्या येतात आणि एकमेकींना धडकून वळतात. पाणी मात्र आवाज करत नाही. आई दोन पावलं पुढे, घोट्यापर्यंत पाण्यात. साडी भिजलेली नाही. आता बोललं पाहिजे असं मला वाटतं. पाण्याचा रंग बदलतो आहे.

"आई, तू किती वाजता..."

"किती वाजता काय?"

"तुला माहीत आहे."

"मला माहीत असू दे. तू बोल. वॉर्डात अर्धं वाक्य चालत नाही."

मी तोंड उघडते. शब्द आहे, ओळखीचा आहे, पण तो जिभेवर कोरड्या पिठासारखा बसतो. आई वाट बघते. तिची वाट बघायची पद्धत मला माहीत आहे. बाळ पहिलं रडेपर्यंत ती अशीच उभी राहायची, म्हणे. कुणाशी बोलायची नाही.

"तुझा हात उशीखाली होता," मी दुसरीकडून सुरुवात करते. "मी ओढला. आकडे आले. मी वाचले नाहीत. तेव्हाची वेळ तरी मला सांगता आली असती. डॉक्टरांनी विचारलं तर मी नुसती उभी."

"कुठं बघत होतीस?"

"तुझ्याकडे."

"मग झालं की," आई म्हणते.

ती पाण्यातून मागे येते आणि माझी मूठ हातात घेते. तिची बोटं गार आहेत, साबणाचा वास येतो. एकेक बोट उघडते, नर्स उघडते तशी, न विचारता. घड्याळ काढून घेते आणि माझ्या डाव्या मनगटावर बांधायला लागते.

"भरलंय तुझं मनगट. तरी माझ्याच भोकात घालते."

"आवळतंय."

"थोडा वेळ आवळेल."

ती पट्टा फिरवते. काच आतल्या बाजूला येते.

"असं नको ना आई. असं त्याला उजेड मिळत नाही."

"मिळतो," ती म्हणते. "हात उघडा टाकायला लागतो, एवढंच."

मला तिला विचारायचं आहे की त्यातला तिचा उजेड आता राहील का. ती पाण्याकडे वळली आहे. वळता वळता म्हणते, "आणि त्या बाईला ताटकळत ठेवू नकोस. पोरीचं लग्न आहे." मी तिच्या बुटांकडे बघते. ते कोरडे आहेत. पायरीवर ऊन पडलं आहे, पायरी पांढरी आहे, पायरीवर चादरीची निळी फुलं आहेत.

चादर. आईचा पलंग. मी उताणी आहे आणि माझा डावा हात कडेवरून बाहेर पडला आहे, तळवा वर. पडद्यातून गाळून आलेलं ऊन बरोबर मनगटावर आहे. हाताला मुंग्या आल्या आहेत.

घड्याळ बांधलेलं आहे. आतल्या बाजूला. पट्टा आईच्या भोकात अडकवलेला. मला लागलं असतं त्यापेक्षा आतलं ते, वापरून लांबट झालेलं. हे मी झोपेत कधी केलं, केलं का, मला आठवत नाही. पट्ट्याच्या कडेची खूण कातडीत उतरली आहे. आणि काचेवर आकडे आहेत. कोपऱ्यात चार्जिंग अगदी तळाला गेल्याची खूण लुकलुकते आहे, पण आकडे आहेत, आणि भिंतीवरच्या घड्याळाशी ते जुळतात. इतके महिने अंधारात ते आतल्या आत बरोबर चालत होतं.

मी हात तिथेच राहू देते.

बाहेरच्या खोलीत फोन वाजतो. मी उठते. हात उघडाच धरून चालते, त्यात काही सांडण्यासारखं असावं तसा.

"उंब्रजहून बोलतेय," बाई म्हणतात. "मघाशी केला होता. उठल्या का सिस्टर?"

मी मनगटाकडे बघते. आधी वेळ, मग काय ते.

"चार वाजून दोन मिनिटं झालीत," मी म्हणते. "आई गेली."

बाई खालच्या स्वरात म्हणतात, "अगं बाई. आत्ता?"

"नाही. थंडीत."

"माझ्या थोरलीला तिनंच धरलं होतं बघ. पायाळू म्हणून सगळ्या घाबरल्या होत्या." त्या नाक ओढतात. "किती वाजता गं गेली?"

आमच्या घरात अंदाजे सांगायची पद्धत नाही.

"घड्याळ बघितलं नाही मी," मी म्हणते. "तिच्याकडे बघत होते."