रेझिनचा डबा

परवा गॅरेजमध्ये गॅरेजवाला माझ्या गाडीचा तडकलेला फायबरचा बंपर जोडत असताना रेझिनचा तो गोडसर, डोक्यात चढणारा वास आला आणि मला चंदीगडचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आठवलं. वडिलांची तिकडे बदली झाली होती. वर्गातला एक सरदार मित्र आणि मी मिळून एका अमेरिकन स्पोर्ट्स कारचं मॉडेल करत होतो. तिची बॉडी पत्र्याची नव्हती, फायबरची होती, आणि मागच्या दोन्ही चाकांना मिळून स्प्रिंगचा एकच आडवा पाटा होता. "वजन घटाओ यार, ताकत अपने आप बढ़ेगी," म्हणत तो बॉनेटचा उतार तासन्‌तास घासत बसायचा. एका दुपारी सेक्टर सतराच्या बाजारातून मी रेझिनचा डबा घेतला आणि त्याच्या स्कूटरवर मागे बसलो. खलिस्तानी अतिरेक्यांच्या भीतीने तेव्हा जागोजागी पोलिसांचे नाके होते. एका नाक्यावर हवालदाराने डबा उघडून हुंगला. "ये केमिकल किसका है?" विचारताना तो मित्राच्या पगडीकडे बघत होता. गाडीचं मॉडेल करतोय, एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "इसका है जी." मित्राने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि स्कूटर बाजूला घेतली. मला जाऊ दिलं, त्याला अंधार पडल्यावर सोडलं. दोन दिवसांनी मॉडेल आमच्या दारात ठेवलेलं दिसलं, बॉनेट घासून अगदी गुळगुळीत केलेलं. तो परत कधी आला नाही, आणि मीही गेलो नाही. "काका, वासाचा त्रास होत असेल तर बाहेर बसा," गॅरेजवाला म्हणाला. मी तिथेच उभा राहिलो.