मी तोडलेलं वाक्य

लोहा तालुक्यातली ती विहीर आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नऊ वर्षांची एक मुलगी शाळेतून घरी आली नव्हती. शोधात शेजारचा शेतकरी सगळ्यांच्या पुढे होता. फार पुढे पुढे करणाऱ्यावर डोळा ठेवावा, हे मी पोलिसाच्या नोकरीत शिकलो होतो. तरी त्या दिवशी मीच त्याला चहा पाजला.

तिसऱ्या दिवशी गावातला एक म्हातारा ठाण्यात आला. "सायेब, समद्या हिरी गावानं बघितल्या. त्या शेजाऱ्याची तेवढी त्यानं एकट्यानंच बघितली."

त्या विहिरीत गळ टाकले. मुलगी सापडली. मुलीच्या घरच्यांशी असलेल्या बांधाच्या भांडणाचा राग त्याने लेकरावर काढला होता.

चौकशीत दुपारी तो बोलायला लागला. "सायेब, शेवटी ती म्हणली..."

मी टेबलावर हात आपटला. "ते राहू दे. दप्तर कुठंय?"

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. आरोपीने काढून दिलेली वस्तू टिकते. पंचांसमोर त्याने उकिरड्यात पुरलेलं दप्तर काढून दिलं आणि केस उभी राहिली. सेशन कोर्टाने फाशी सुनावली तेव्हा ठाण्यात पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

आठवड्याने मुलीची आई आली.

"फाशीच्या आधी मला त्याला भेटवा."

"कशाला, बाई?"

"माझी लेक शेवटी काय म्हणली, ते त्यालाच ठावं हाय. त्यो गेला की ते बी गेलं."

ते वाक्य माझ्यापर्यंत आलं होतं आणि मीच ते तोडलं होतं. तिला हे सांगायची हिंमत झाली नाही.

पुढे हायकोर्टाने फाशीची जन्मठेप केली. गाव चिडलं, मीही चिडलो. ती एवढंच म्हणाली, "आता तरी त्याच्याकडं चला." तोवर मी निवृत्त झालो होतो. अर्ज केले, परवानगी मिळाली. तुरुंगात जाळीपलीकडे तो मान खाली घालून उभा राहिला. तिने शिवी दिली नाही, फक्त विचारलं.

तो म्हणाला, "'काका, जाऊ द्या, आईनं शेंगा भाजल्यात,' म्हणली."

बसस्टँडवर ती म्हणाली, "भाजल्या व्हत्या, सायेब. तिच्या देखतच ताटाखाली झाकून ठिवल्या व्हत्या. सकाळी मी तिला मारलं व्हतं. इतकी वर्सं वाटायचं, रागातच गेली."

मग मी तिला माझी चूक सांगितली. ती माझ्याकडे पाहून बसमध्ये चढली.

त्या माणसाची कीव मला आजही येत नाही. पण तो मेला असता तर माझ्या केसला यश आलं असतं आणि त्या आईची लेक मात्र कायमची रागातच राहिली असती. आता फाशीच्या बातमीवर पेढा गिळवत नाही. एकच फार वाटतं. ती दुपार परत मिळावी, मी हात आवरावा आणि त्याला पुढचं बोलू द्यावं.