आर्णीला 'नाही' म्हणायला शिकवणारे जज्जसाहेब

जज्जसाहेबांच्या घरचा चहा हवा असेल तर आधी 'नाही' म्हणता आलं पाहिजे, हे आख्ख्या आर्णीला ठाऊक होतं. मे महिन्याच्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून आलेल्या माणसाला ते विचारत, "आज थंडी फार आहे ना?" तो बिचारा आमच्याकडच्या रीतीनं मान तुकवून म्हणे, "हव जी." लगेच साहेब आत ओरडत, "चहा ठेवू नका!" एक आख्खा उन्हाळा मी त्या दारातून कोरड्या घशानं परत आलो आहे.

नोकरीत असताना त्यांचा दरारा असा, की वकील खोकायलाही परवानगी मागत आणि डोक्यावरचा पंखा गपगुमान फिरे. असा माणूस हरला तो एकदाच, आणि तेही आमच्या लालसिंगमुळे.

कापसाची ती जळकी वर्षं. आमच्याकडच्या एका बियाणेवाल्या शेठनं चकचकीत पाकिटांत मेलेली सरकी भरून विकली. आम्ही पेरली. वावरातून मुंग्या तेवढ्या वर आल्या. खटला साहेबांपुढे उभा राहिला. मुख्य साक्षीदार तांड्यावरचा लालसिंग. रानडुकराला नुसत्या शिवीनं पळवणारा गडी; पण काळ्या कोटातल्या माणसाला नकार देणं म्हणजे त्याचा अपमान, अशी त्याची समजूत. शेठच्या वकिलानं आवाजात गूळ घातला.

"लालसिंगभाऊ, पेरणीची जरा घाईच झाली ना?"

"हव जी."

"बी थोडं खोल गेलं असेल?"

"हव जी."

"म्हणजे शेठजींचा काही दोष नाही?"

"हव जी."

बाहेर येऊन हा आम्हालाच सांगतो, "वकील लय चांगला मानूस आहे गड्या. मले भाऊ म्हने!"

शेठ सुटला. 'निर्दोष' हा शब्द साहेबांना स्वतःच्या हातानं लिहावा लागला. जाता जाता शेठनं त्यांना हात जोडले आणि तो हसला. ते हसू साहेबांच्या काळजात बाभळीच्या काट्यासारखं मोडून बसलं.

निवृत्त झाल्यावर असे लोक नागपुरात फ्लॅट घेतात. साहेबांनी आर्णीत दोन खोल्या घेतल्या, शेठच्या दुकानासमोर. "साहेब, इकडे काहून आले जी?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "हवा चांगली आहे इथली." नजर शटरवर.

मग विहाराच्या अंगणात दर रविवारी साक्षीदारांची शाळा सुरू झाली. साहेब जुना काळा कोट चढवून उलटतपासणी घेत. "मान कायले हलवतो बे? मान बैलाले देली जुवासाठी. तुले जीभ देली!" खोटं मात्र शिकवायचे नाहीत. "पाह्यलं ते सांग. नाही पाह्यलं त्याले हव म्हणू नको. समोर मी असो की माहा बाप असो." भाजीवाल्या सुमनबाईंनी एकदा असं उत्तर दिलं, की साहेबांनी स्वतःच पुढची तारीख मागितली. वर्षभरात आर्णीतल्या म्हशीसुद्धा दूध देताना नकार देऊ लागल्या. पेपरवाल्यांनी याला समाजसेवा म्हटलं. आम्हाला खरं काय ते माहीत होतं.

शेठची सवय काही सुटली नव्हती. त्यानं पुन्हा तीच मेलेली सरकी विकली, पुन्हा खटला उभा राहिला. या वेळी साहेब मागच्या बाकावर, आमच्यात. पिंजऱ्यात लालसिंग. वकील तोच, गूळही तोच.

"भाऊ, पेरणीची घाई झाली ना?"

"नाही जी. जमीन हातभर ओली होती."

"बी खोल गेलं?"

"नाही जी. दोन बोटं."

वकिलानं शेवटचा डाव टाकला. "शेठजींशी तुमचं जुनं वैर आहे ना?"

लालसिंगनं साहेबांकडे पाहिलंही नाही.

"हव जी," तो म्हणाला, "लयच जुनं आहे. पण बी मेलेलंच होतं."

साहेबांनी मांडीवर अशी थाप मारली, की कोर्टाच्या छपरावरची कबुतरं थेट पुसदला जाऊन उतरली. समोरचे तरुण न्यायाधीश कडाडले, "मागे शांतता राखा!" साहेब उठून, वाकून म्हणाले, "माफी असावी." एवढ्या आनंदानं मागितलेली माफी मी दुसरी पाहिली नाही.

शेठ आत गेला. गावानं साहेबांचा जंगी सत्कार केला. शाल, श्रीफळ, त्याग, सेवा, सगळं झालं. उत्तराला उठून साहेब एवढंच बोलले, "मी कसली सेवा केली नाही. त्या माणसाचं हसू मला बंद करायचं होतं. तुम्ही मदत केली, आभारी आहे."

पुढच्या हिवाळ्यात साहेब गेले. त्यांच्या मागे शेठ सुटून आला आणि मृगाच्या तोंडावर दुकान उघडून बसला. पहिलं गिऱ्हाईक लालसिंग, मागे सगळा तांडा. लालसिंगनं पाकीट घेतलं, तिथंच फोडलं, ओल्या फडक्यात सरकी बांधली आणि दुकानाच्या पायरीवर मांडी घालून बसला.

"आता काय राह्यलं बाप्पा?" शेठनं विचारलं.

"काही नाही जी," लालसिंग म्हणाला. "उगवू द्या. मंग जातो."