सासऱ्यांचं घड्याळ, माझ्या हातचं

बायको गेली तेव्हा तिच्या अंगावरचं सगळं मी सुनेच्या हातात दिलं. मंगळसूत्र, कुड्या, बांगड्या, सगळं. घड्याळ तेवढं माझ्या खिशात घातलं. ते मी कुणाला देणार नव्हतो आणि सुनेला तसं तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, एवढं मोठं पुरुषी घड्याळ मी कुठे घालू?" म्हटलं, बरं झालं.

ते घड्याळ मी बनवलेलं. माझं शिक्षण चौथी. भांडुपच्या कारखान्यात फिटर होतो. रिटायर झाल्यावर घाटकोपरच्या या खोलीत दिवसभर करायचं काय, म्हणून हा नाद लागला. जुन्या काळी चावीची घड्याळं मिळायची, तशी नव्याने जुळवायची. मशीन चेंबूरच्या एका म्हाताऱ्या घड्याळजीकडून आणतो. बंद पडलेलं असलं तरी चालतं, धुऊन तेल दिलं की उठतं. केस, म्हणजे बाहेरची डबी, भंगारातली घासून घेतो. डायल स्वतः रंगवतो आणि चहाच्या पाण्याचा हात देतो, म्हणजे कुणीतरी आयुष्यभर वापरल्यासारखी दिसते. कंपनीचं नाव मात्र छापत नाही. ती फसवाफसवी झाली. बघायला येईल त्याला पहिलंच सांगतो, हे जुनं नाही, जुन्यासारखं आहे.

बायको आधी कटकट करायची. "घरात वेळ एक आणि घड्याळं ढीगभर. कुठल्या बघून कुकर लावू?" मग एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, आमच्या बाबांचं घड्याळ कराल?"

माझे सासरे परळला गिरणीत होते. रिटायर होऊन गावी गेले, तिथेच वारले, आणि त्याच दिवशी खुंटीवरचं त्यांचं घड्याळ गायब झालं. त्यावरून माझ्या मेव्हण्यांचं जे वाजलं ते वाजलं. हा म्हणे त्याने घेतलं, तो म्हणे याने. बायको त्यात कधी पडली नाही.

फोटो होता एकच, त्यात सासऱ्यांचा हात पाठीमागे. मग तिने सांगायचं आणि मी करायचं. डायल काळी. आकडे चारच, बाकी रेघा. सेकंदाचा काटा खाली छोट्या गोलात. चारच्या रेघेजवळ काचेवर ओरखडा, विहिरीच्या रहाटाला लागून पडलेला. तो ओरखडा मी सुईने मारला, तर म्हणाली, "एवढा सरळ नव्हता हो." दोनदा सगळं खोललं. शेवटी तिने हातात घातलं, खिडकीशी नेऊन बघितलं आणि म्हणाली, "हेच." त्यानंतर ते तिच्या हातातून निघालं नाही. हॉस्पिटलातसुद्धा नाही.

तेरावं उरकलं. पुढच्या आठवड्यात दुपारी माझी मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण. मानखुर्दला मुलाकडे राहते, बोलणं अजून गावचंच. एकटीच आली, रिक्षाने. मी चहा ठेवला. कप हातात घेतला आणि म्हणाली, "भावोजी, ताईच्या हातातला घड्याळ माका द्या."

"नाही."

"असा तोडून कशाक बोलतास?"

"जोडून बोललो तरी नाहीच. आणि ते तुझ्या बाबांचं नाही. मी बनवलंय. तिने सांगितलं नाही तुला?"

"तिना नाय सांगल्यान. पण माका ठाऊक आसा."

असं म्हणून तिने पिशवीतून रुमाल काढला, सोडला आणि माझ्यासमोर ठेवला. आत घड्याळ. "ह्या बाबांचा."

मी घड्याळजीची आयग्लास डोळ्याला लावली. डायल पांढरी. आकडे सगळे, एक ते बारा. सेकंदाचा काटा मधोमध. ओरखडा शोधला, कुठेच नव्हता. खिशातलं माझं घड्याळ काढून त्याच्या शेजारी ठेवलं. एकसुद्धा गोष्ट जुळत नव्हती.

"हे तुझ्याकडे कसं?"

तिने सगळं सांगितलं. बाबा गेले त्या सकाळी तिनेच खुंटीवरून उचललं. तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं. बाबांचं दुखणं सगळं तिने काढलेलं आणि भावांच्या वाटणीत तिला काही मिळणार नाही हे तिला कळत होतं. मग भाऊ भांडायला लागले आणि तिची वाचाच बसली. लग्नात ट्रंकेतून सासरी नेलं. तेव्हापासून कधी चावी दिली नाही. टिकटिक कुणी ऐकली तर?

"आणि मग एक दिवस ताईचो फोन इलो," ती म्हणाली. "बोलली, 'बाबांचा घड्याळ गावला गो. ह्येंनी शोधून काढल्यानी. आता तू काळजी करू नको.' भावोजी, मी काळजी करतंय ह्या तिका कोणी सांगल्यान?"

मी आयग्लास काढून ठेवली.

"दिवाळीक इलंय तेव्हा तिच्या हातात बघलंय. काळा! मी काय बोललंय नाय. ती पण नाय. माझ्याकडे बघून नुसती हसली."

त्या दिवाळीला मी तिथेच बसलो होतो, करंज्या खात. माझ्यासमोर दोघी बहिणींचं एवढं मोठं काहीतरी मिटलं आणि मला वाटलं, करंज्या चांगल्या झाल्यात म्हणून हसतायत.

म्हणजे घड्याळ धाकटीने उचललंय हे बायकोला आधीपासून ठाऊक होतं. बापाच्या हातातलं घड्याळ पांढरं की काळं हे पोर विसरते होय? आठवत नाही म्हणून नाही, मुद्दाम दुसरंच सांगितलं, खरं तुझ्याकडेच राहू दे हे बहिणीला न बोलता कळावं म्हणून. आणि मी गाढव, डोळे फोडून, ओरखड्यासकट बनवून दिलं! संसार केला मी तिच्याबरोबर. मला एका शब्दाने बोलली नाही. सांगितलं असतं तर मी मेव्हण्यांकडे बोललो असतो, हेही खरं. माझ्या पोटात काही राहत नाही.

"ह्या तुमी ठेवा," मेहुणी म्हणाली. "तिचा माका द्या."

"तुला तस्संच दुसरं करून देतो."

"माका नवा नको. तिच्या हातातला व्हया."

"नाही म्हटलं ना एकदा."

"ताई म्हणायची ता खरा. तुमका मशीन कळता, माणूस नाय."

"तिला कळत होती ना माणसं? मग मला का नाही सांगितलं तिने?"

यावर ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला. पदराने तोंड पुसून म्हणाली, "बरा, नका देव. चावी तरी देवक देशाल? एकदाच."

मी घड्याळ पुढे सरकवलं. तिने चावी चिमटीत धरली, आधी अर्धा फेरा उलटी फिरवली, मग सुलटी. माझी बायको रोज सकाळी असंच करायची. मी रोज ओरडायचो, उलटी कशाला फिरवतेस, त्याने काही होत नाही, फुकटची मेहनत. ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"बाबांनी. दोघींका. आधी त्याका जागा करूचा, मग पिळूचा."

मला पुढे बसवेना. उठलो, कप मोरीत नेऊन ठेवले, नळ सोडला. तिकडूनच म्हटलं, "घाल हातात. जा घेऊन. लवकर जा, नाहीतर मी परत मागेन."

ती गेली. मी वरून बघितलं. रिक्षात बसली तेव्हा मनगट कानाला लावलेलं होतं.

संध्याकाळी सून कामावरून आली. टेबलावरचं पांढरं घड्याळ बघून म्हणाली, "हे कुठलं? आणि आईंचं कुठाय?"

मी म्हटलं, "तुझी सासू पक्की होती."

"म्हणजे?"

सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.