जावयाला वास येतो म्हणून

मेहकरात माझं दुचाकी दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर हात पेट्रोलमध्ये असतात, कपडे धुतले तरी वास सोडत नाहीत. घरी आलो की बायको दारातच साबण हातात देते, तरी जेवताना घासाला पेट्रोलचा वास येतोच. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी लाज इथूनच सुरू होते.

माझी सासुरवाडी जानेफळच्या पलीकडे, एका धरणाच्या काठावर आहे. सासऱ्यांचा धंदा मासेमारीचा. पलीकडच्या काठाला जाळी लावायची, पहाटे वल्हवत जाऊन ती काढायची, यातच त्यांचा उजवा खांदा कामातून गेला. म्हणून साळ्याने, बायकोच्या धाकट्या भावाने, कुठून तरी कोकणातून होडीला मागे लावायचं एक जुनं मशीन आणलं. बापाने आता होडीत नुसतं बसावं, एवढीच त्याची इच्छा होती. मशीनसाठी पेट्रोलची एक लाल टाकी होडीतच ठेवतात. टाकीपासून मशीनपर्यंत रबरी नळी जाते आणि नळीच्या मधोमध मुठीत मावेल असा रबरी फुगा असतो. फुगा दाबला की पेट्रोल पुढे सरकतं आणि मशीन सुरू होतं.

चोरीच्या भीतीने टाकी रोज घरी आणून ओसरीत ठेवायचे. जावयाचं अंथरूणही ओसरीतच. गेल्या दिवाळीला गेलो, तेव्हा मी त्या टाकीकडे बघून नाकाला रुमाल लावला आणि साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात बायकोला म्हणालो, "इथं झोपावं कसं? वासानं डोकं दुखून राह्यलं माह्यं." दुकानात पेट्रोलच्या कॅनवर बसून चहा पिणारा माणूस मी! पण सासुरवाडीच्या ओसरीत पाय ठेवला की माझं नाक नाजूक होतं, पाठ गादी मागते आणि चहाला साखर कमी पडते.

सासूबाई माझ्याशी थेट बोलत नाहीत. डोक्यावरचा पदर पुढे ओढून लेकीला उद्देशून बोलतात. त्या दिवशी त्या टाकीकडे एकदा बघून आत गेल्या.

यंदा धोंड्याचा महिना आला. पुरणाचे धोंडे खायला आणि नवे कपडे घ्यायला जावयाला बोलावणं आलं. पोचलो त्या संध्याकाळी टाकी ओसरीतच होती, पण वास अजिबात नव्हता. माझ्या ते लक्षातही आलं नाही. सकाळी साळा म्हणाला, "चला भाऊजी, पाण्यातून चक्कर मारून आणतो." सासरेही नवा सदरा घालून होडीत बसले.

काठावर मशीन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. हळूहळू निघालो. मोकळ्या पाण्यात आल्यावर साळ्याने वेग वाढवला, होडीचं नाक उचललं आणि सासऱ्यांचा चेहरा लहान मुलासारखा खुलला. थोडं अंतर गेलो आणि मशीनने दम सोडला. वेग वाढवावा तर घशात घास अडकल्यासारखं करायचं, कमी करावा तर जेमतेम तग धरायचं. शेवटी ते बंदच पडलं.

"भाऊजी, हे तुम्हाले वळखते," साळा हसत म्हणाला. "तुम्ही आले का रुसते. दिवाळीलेबी असंच केलं होतं. बाकी वक्ताले काहीच नाही."

मला ते हसणं झोंबलं. मला वाटलं, हा स्वतःचं वाईट मशीन झाकून राहिलाय. तो वल्हवत आम्हाला काठावर घेऊन आला. सासऱ्यांनी मदतीला वल्हं उचललं, पण खांद्याने साथ दिली नाही आणि त्यांनी ते गुपचूप खाली ठेवलं.

काठावर माणसं जमली. मेहकरचा मिस्त्री जावई, मग काय! मी नव्या सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या. आधी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघितलं. उघडताना सुस्सकन आवाज झाला. पेट्रोल भरपूर होतं. प्लग काढला, घासून परत बसवला. कार्बोरेटर उघडून साफ केला. पाण्यातल्या पंख्याला शेवाळ गुंडाळलंय का तेही पाहिलं. मशीन सुरू केलं तर अगदी गोड चालू झालं. मी जमलेल्यांकडे विजयी नजरेने पाहिलं. पुन्हा पाण्यात गेलो आणि पुन्हा त्याच ठिकाणी त्याने मान टाकली.

"भाऊजी, हा फुगा असा चपटा काऊन झाला?" साळ्याने नळीतला रबरी फुगा दाखवला. तो आतून कोणी शोषून घेतल्यासारखा आवळला होता.

"तुले समजते का मले समजते?" मी खेकसलो. "भंगारातलं मशीन उचलून आणलं अन् मले फुगा दाखवते."

त्याने फुगा सोडून दिला आणि वल्ही उचलली. मोठ्या बहिणीचा नवरा, तोही मिस्त्री, आणि तोही धोंड्याला आलेला. त्याला बोलायला जागाच नव्हती.

काठावर परत आल्यावर मी सगळ्यांसमोर निकाल दिला. गरम झालं की दम सोडते, थंड झालं की चालते, म्हणजे पिस्टन गेला. यात आता पैसा घालू नका, गिऱ्हाईक मिळत असेल तर देऊन टाका. सासऱ्यांनी मान हलवली. "जवायानं पाह्यलं म्हणजे झालं," ते म्हणाले. शेजारच्या धरणावरचा एक जण मशीन मागत होता, त्याला त्यांनी तिथूनच फोन लावला. तो संध्याकाळी यायचा होता. साळा मशीनवर हात ठेवून पाण्याकडे बघत उभा राहिला. त्याच्याकडे न बघता मी जेवायला गेलो.

धोंडे पोटभर खाल्ले. ओसरीत आडवा झालो. साळ्याने टाकी आणून नेहमीच्या जागी ठेवली आणि तो मशीन सोडवायला परत काठावर गेला. मी डोळे मिटून होतो, झोप मात्र लागत नव्हती. तेवढ्यात पाऊल न वाजवता सासूबाई आल्या. माझ्याकडे बघून मला झोप लागल्याची त्यांनी खात्री केली. मग टाकीपाशी बसून पदराने झाकण पुसलं. झाकणावर एक बारीक स्क्रू होता, सकाळी माझी नजर त्याच्यावरून दोनदा गेली होती. तो त्यांनी चिमटीत धरून हलवून बघितला, होता नव्हता तेवढा जोर लावून आणखी आवळला आणि आल्या तशा आत गेल्या.

मी तसाच पडून राहिलो. हवा जायचा स्क्रू! टाकीत हवा शिरली नाही तर पेट्रोल बाहेर येत नाही. हळू चाललं तर थोडा वेळ भागतं, वेग घेतला की मशीन उपाशी मरतं. फुगा म्हणूनच चपटा झाला होता. मी झाकण उघडलं की सुस्सकन हवा आत जायची, म्हणून काठावर मशीन गोड चालायचं. दुकानात दर आठवड्याला कोणी ना कोणी असली गाडी ढकलत आणतो. मी टाकीच्या झाकणात फुंकर मारतो, भोक मोकळं करतो आणि वर त्यालाच चार शब्द ऐकवतो. आणि हे मशीन माझ्यासमोरच का रुसत होतं तेही कळलं. वर्षभर स्क्रू उघडाच असायचा. जावई आला, त्याला वास येतो, म्हणून तो आवळला जायचा आणि मी परत गेलो की पुन्हा सैल व्हायचा.

मला इतकी लाज वाटली की अंगावरचा नवा सदरा काढून फेकावासा वाटला.

खरं सांगावं तर सासूबाईंच्या हातून लेकाचं मशीन जात होतं, हे घरभर झालं असतं. न सांगावं तर संध्याकाळी मशीन गेलंच होतं. मी टाकी उचलली आणि काठावर गेलो. साळा पाना घेऊन मशीनचे नट ढिले करत होता. सासरे बाजूला दगडावर बसले होते.

"थांब," मी म्हणालो. "मशीनले काही झालं नाही. हा स्क्रू ढिल्ला पायजे. काल मीच आवळला होता, वास येऊन राह्यला होता म्हणून."

साळा माझ्याकडे बघत राहिला. "अन् दिवाळीले?"

"तवाबी मीच."

त्याने नट आवळले, बापाला होडीत बसवलं आणि मशीन सुरू केलं. या खेपेला ते पूर्ण वेगात पलीकडच्या काठापर्यंत गेलं आणि त्याच वेगात परत आलं. सासऱ्यांनी येणाऱ्या माणसाला नको म्हणून कळवलं. घरी येऊन ते सासूबाईंसमोर म्हणाले, "जवाई मोठ्या मनाचे, सोताची चूक सोताच्या तोंडानं सांगतली." आणि झालेलं सगळं सांगितलं. सासूबाई हातातलं ताट धरून तशाच उभ्या राहिल्या. मी खाली मान घालून बसलो, आणि माझा तो विनय आहे असं सासऱ्यांना वाटलं.

राखीनंतर बायकोला आणायला गेलो, तर ओसरीत टाकी नव्हती. शोधत आत गेलो. सासूबाईंच्या खोलीत, त्यांच्या अंथरुणाच्या उशाशी ती ठेवलेली होती. स्क्रू उघडा होता. त्या खोलीला खिडकी नाही. पेट्रोलचा वास अगदी भिंतीत मुरला होता.

मी टाकी उचलून ओसरीत, माझ्या अंथरुणाशेजारी आणून ठेवली. सासूबाई लगबगीने बाहेर आल्या आणि पदर ओढून लेकीला म्हणाल्या, "त्याह्यले म्हणा, तिथं ठिवू नका. वास येते."

"मामी," मी म्हणालो, "मले वास येत नाही. दिवाळीलेबी आला नव्हता."

बायको माझ्याकडे बघायला लागली. सासूबाईंनी पदर थोडा मागे सारला. मग लग्नानंतर पहिल्यांदाच त्या थेट माझ्याशी बोलल्या.

"मले मालूम हाये," त्या म्हणाल्या. "तुम्ही आले का तुमचे कपडे मीच धुते."

त्या आत गेल्या. मला वर बघवेना. झाकणावरचा स्क्रू उघडा आहे ना, एवढंच मी पुन्हा पुन्हा बघत बसलो.